वायरची पिशवी

ऐन थंडीत घाम फुटणारी बाई पाहायची असेल तर द्राक्षांच्या दिवसांत हरसूलला यावं आणि मला पाहावं. परवा बाजारात या मोसमातली पहिली द्राक्षं आली. हातगाडीवर घड मांडलेले, वर पाण्याचा शिडकावा. गाडीवाला "गोड हायेत ताई, खाऊन तर बघा" म्हणून एक मणी पुढे करत होता आणि मी पदरानं कपाळ पुसत होते. बाईला बरं नाही असं त्याला वाटलं असावं. त्यानं मणी स्वतःच्या तोंडात टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मला बरं नव्हतं असं नाही. द्राक्षं आली म्हणजे आमचं अधिवेशन आलं, एवढंच झालं होतं. आम्ही ग्रंथपाल मंडळी वर्षातून एकदा कुठल्या तरी शहरात जमतो. गेल्या वर्षी नाशकात जमलो होतो. यंदा दुसऱ्या जिल्ह्यात जमायचं होतं, पण त्यांनी ऐन वेळी हात वर केले आणि अधिवेशन पुन्हा नाशकालाच आलं. बाजारातून घरी पोचते न पोचते तोच पाटणकर मॅडमचा फोन आला. नाशिकच्या ज्या कॉलेजात गेल्या वर्षी अधिवेशन भरलं होतं, तिथल्या त्या ग्रंथपाल. आवाजात तीच लगबग, तोच गोडवा. "यायचं हं मंगलताई यंदाही. तुमच्यासारख्या ग्रामीण भागातल्या बायकांनी तर यायलाच हवं. आणि अहो, सर अजून तो किस्सा सांगतात बरं का, जाईल तिथं." एवढं बोलून त्या हसल्या. मीही हसले. "बघते," म्हणाले आणि फोन ठेवला. हसले याचा राग मला फोन ठेवल्यावर आला, आणि अजून गेलेला नाही.

तर त्या किश्श्याबद्दल. म्हणजे किस्सा त्यांच्यासाठी.

आमचं वाचनालय एका खोलीचं आहे. खाली दवाखाना, वर आम्ही. पुस्तकांची कपाटं लोखंडी, एकाचं दार लागत नाही, त्याला मी जुन्या साडीची पट्टी बांधली आहे. संध्याकाळी मी उघडते, दिवेलागणीनंतर बंद करते. वाचक येतात, नाही असं नाही. भरतीच्या परीक्षेला बसलेली मुलं येतात, पेपर वाचायला म्हातारे येतात, आणि कादंबऱ्या वाचणाऱ्या चारदोन बाया येतात, त्या पुस्तक पदराखाली धरून नेतात. या खोलीबाहेर मला ग्रंथपाल म्हणून कोणी हाक मारत नाही. मी पवारांची सून, नाहीतर 'लायब्रीवाली'. त्यामुळे गेल्या वर्षी अधिवेशनाच्या दारात जेव्हा एका मुलीनं माझ्या गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि त्यावर माझं नाव, खाली 'ग्रंथपाल', त्याखाली 'हरसूल' असं छापलेलं दिसलं, तेव्हा मी ते उलटं होऊ नये म्हणून दिवसभर एका हातानं धरून होते. निफाडच्या शैलाताई मला चिडवत होत्या. त्या माझ्या जुन्या मैत्रीण, त्यांचंही वाचनालय माझ्यासारखंच, फक्त त्यांच्या खिडकीतून द्राक्षबाग दिसते आणि माझ्या खिडकीतून एसटीचा थांबा. "अहो, धरून काय बसलात, कोणी नेत नाही ते," त्या म्हणाल्या.

त्या सकाळची थंडी आठवते. हरसूलहून पहाटेची गाडी धरली तेव्हा डोंगर दिसतच नव्हते, नुसतं धुकं. शेतातल्या पेंढ्यांवर दव. गाडीत सगळे शाली-मफलरात गुंडाळलेले, बोलायला तोंड उघडलं की वाफ. गिरणारं मागे पडलं तसं उजाडलं आणि द्राक्षांच्या बागा सुरू झाल्या. मांडवाखाली बाया घड खुडत होत्या, डोक्याला टॉवेल बांधलेले, हातात कात्र्या. मी काचेला नाक लावून बघत होते. मांडीवर माझी वायरची पिशवी. हिरव्या-पांढऱ्या वायरची, लग्नाच्या आधी मीच विणलेली. तिच्यात सासूबाईंनी दिलेली नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. "लोकाच्या गावात जेवायला कधी मिळंल, सांगता येत नाय," असं त्यांचं म्हणणं. निघताना त्यांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे नुसतीच म्हटली. "शहरात जिलबी बारीक असती म्हनं. तुपातली. आपल्या बाजारासारखी जाडी नाय." आणि मग लगेच, "जा, गाडी चुकंल." सासूबाईंना गोड लागतं. मागायची सवय नाही. गुडघा धरल्यापासून त्या लग्नाकार्यातही जात नाहीत, त्यामुळे पंगत सुटली, आणि पंगतीबरोबर जिलबीही.

अधिवेशनात सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे आवाज. वर्षभर जगाला 'शांतता राखा' सांगणारे लोक एका सभागृहात जमले की काय होतं ते पाहण्यासारखं असतं. दीपप्रज्वलन चाललेलं, वक्ते बोलताहेत, आणि खाली पाठच्या रांगेपर्यंत नुसता बाजार भरलेला. कुणाच्या तपासणीत काय निघालं, कुणाच्या वाचनालयाचा दर्जा घसरला, कोण निवृत्त झालं, कुणाची सून आली. व्यासपीठावरून "कृपया शांतता" म्हटलं की सगळ्यांनाच हसू येई, कारण ते वाक्य प्रत्येकाचंच होतं. प्रत्येकाला एकसारखी कापडी पिशवी मिळाली होती, तिच्यात स्मरणिका, पेन आणि मनुक्यांची पुडी. जेवणाच्या टेबलांवर द्राक्षांच्या परड्या. मी जेवढी हसले त्या सकाळी, तेवढी बऱ्याच दिवसांत हसले नव्हते. हे सांगायलाच हवं. लाजेची गोष्ट सांगताना माणूस त्याआधीचा आनंद खाऊन टाकतो, जसा काही तोही एक गुन्हाच.

सभागृहाला लागूनच कॉलेजचं ग्रंथालय होतं. वाचनकक्षात टेबलं लावून जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन मांडलं होतं आणि चहूबाजूंनी त्यांची नेहमीची कपाटं, उघडी, ओळीनं, माझ्यासारखीनं नुसतं पाहत राहावं अशी. शैलाताई गप्पांत रमल्या म्हणून मी एकटीच तिथं गेले. टेबलावर एक शिळाछापाचं पुस्तक होतं, घरगुती औषधांचं. पंचवटीतल्या एका जुन्या घराण्याकडून पाटणकर मॅडमनी स्वतःच्या शब्दावर आणलेलं. पानं तपकिरी, पण अक्षर स्वच्छ. मी हात पुसून पानं उलटली, आणि सांधेदुखीचं पान लागलं तशी खुर्ची ओढून बसले. निर्गुडी, एरंडाचं पान, काय काय. सगळं आमच्या बांधावर उगवणारं. मी नव्या पेनानं स्मरणिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर ते उतरवून घेतलं. मध्ये पाटणकर मॅडम येऊन गेल्या, माझ्याकडे पाहून हसल्या. मीही ओळखपत्र सरळ करून हसले. मग जेवणाची हाक आली, मी स्मरणिका वायरच्या पिशवीत सरकवली आणि पुस्तक होतं तिथंच ठेवून उठले. जरा उघडंच राहिलं असेल.

जेवण बुफे. आणि जिलबी. बारीक, तुपातली, खरोखरच सासूबाई म्हणाल्या होत्या तशी. मी ताटात घेतली आणि तिच्याकडे पाहत बाकी सगळं जेवले. दोनदा बोट लावलं आणि मागे घेतलं. मग कागदी रुमाल घेतले, जिलबी गुंडाळली, वर आणखी रुमाल, आणि वायरच्या पिशवीत, स्मरणिकेच्या अंगाला ठेवून दिली. कापडी पिशवीत नाही ठेवली, ती नवी होती. कोणाचं लक्ष नव्हतं. असतं तरी काय होतं, माझ्याच ताटातली होती. ताटातलं गुंडाळून घेणं आमच्याकडे पंगतीतही चालतं, 'घरच्यांसाठी' म्हटलं की वाढपी उलट अजून वाढतो. पण ते वाढप्याला तोंडानं सांगून. इथं सांगायचं कोणाला? टेबलामागे टोप्या घातलेली मुलं चिमटे घेऊन उभी होती. म्हणून मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि न सांगता घेतलेली वस्तू न सांगताच चोरटी होत जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

जेवण उरकून आम्ही सभागृहात जाणार तोच गडबड झाली. पुस्तक गेलं होतं. औषधांचं. टेबलावरची जागा मोकळी, शेजारची चिठ्ठी तेवढी जागेवर. पाटणकर मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. दुसऱ्याच्या घरचा ठेवा आपल्या शब्दावर आणायचा आणि तो आपल्याच छताखालून नाहीसा व्हायचा, यापेक्षा वाईट एखाद्या ग्रंथपालाच्या बाबतीत दुसरं काय घडणार. त्यांनी टेबलाखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं, आणि मग वर पाहिलं तेव्हा त्यांची नजर माझ्यावर थांबली.

"तुम्ही बराच वेळ वाचत होतात ना ते?"

"हो."

"लिहूनही घेत होतात."

"सासूबाईंच्या गुडघ्यासाठी."

"हो, हो." त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आपण सगळ्यांच्याच पिशव्या बघू या का? म्हणजे कुणाला वाटायला नको." आणि मग, अगदी हळू, "तुमच्याकडे दोन पिशव्या आहेत ना?"

साऱ्यांकडे एकसारखी पिशवी होती. दुसरी फक्त माझ्याकडे. मी वायरची पिशवी टेबलावर ठेवली. भोवती माणसं जमली होती, सगळी आमचीच, गळ्यात ओळखपत्रं असलेली. शैलाताई "अहो, असं काय करता" असं म्हणत पुढे येत होत्या, पण गर्दीतून त्यांना येता येईना. मॅडमनी भाकरीचा रिकामा डबा काढला. पाण्याची बाटली काढली. शाल काढली. मग खालून स्मरणिका काढली, तर तिच्याबरोबर रुमालांचा एक ओला गोळा उचलून आला, लोंबकळला आणि टेबलावर पडला. रुमाल फाटले होते. पाक स्मरणिकेवरून ओघळून मॅडमच्या बोटांना लागला. त्यांनी बोटं दूर धरली.

"हे काय?"

"जिलबी," मी म्हणाले.

पुस्तकाला चिकट हात लावू नये, हे मी रोज सांगते. पोरांना हौदावर पाठवते हात धुवायला. आणि त्या खोलीत, जिथं एकूण एक माणूस हेच सांगणारं होतं, तिथं माझ्या पिशवीतून पाकात बुडालेलं छापील पान निघालं होतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी एकदम दुसरीकडे पाहिलं, जसं एखाद्याचा पदर ढळला की पाहतात. मी मेल्याहून मेले.

तेवढ्यात सर आले. सर म्हणजे अधिवेशनाचे अध्यक्ष, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेले, पांढरेशुभ्र केस, साऱ्या राज्यात ज्यांच्या हाताखाली माणसं तयार झाली असे. मुखशुद्धी चघळत म्हणाले, "कसला शोध चाललाय?"

मॅडमनी सांगितलं.

"ते होय? ते मी ठेवलं. जेवायला जाताना बघतो तर टेबलावर उघडं पडलेलं. म्हटलं काय हा गलथानपणा. सहाशे पंधराला ठेवून दिलं." आणि ते सरळ कपाटांच्या तिसऱ्या ओळीत गेले, औषधांच्या, म्हणजे सहाशे पंधरा क्रमांकाच्या, खणाशी थांबले, आणि ते तपकिरी पुस्तक चकचकीत नव्या पुस्तकांच्या मधून काढून घेऊन आले. "प्रदर्शनातलं आहे हे डोक्यातच आलं नाही. हात ऐकतात का?"

सगळी खोली हसली. असं हसली की सभागृहातले लोक बघायला आले. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, सुटकेचं. त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं, "मनावर घेऊ नका हं," म्हणाल्या, आणि बोटांचा पाक पुसायला निघून गेल्या. मी माझ्या वस्तू परत भरल्या. डबा, बाटली, शाल. रुमालाचा गोळाही भरला. टेबलावर तसाच कसा ठेवणार.

दुपारच्या सत्रात सरांनी भाषणाची सुरुवातच त्या गोष्टीनं केली. टेबलावर पडलेलं पुस्तक ज्याला बघवत नाही तो खरा ग्रंथपाल, निवृत्ती कागदावर होते, हातांची होत नाही, असं बरंच. गोष्ट त्यांनी सुंदर सांगितली. तिच्यात पुस्तक होतं, मॅडमची धावपळ होती, ते स्वतः होते. मी नव्हते. सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. मीही टाळ्या वाजवल्या. तळहात एकमेकांना चिकटत होते.

कर नाही त्याला डर कशाला, असं म्हणतात. ही म्हण ज्यानं काढली त्याची पिशवी कोणी चारचौघांत उपसलेली नसणार. मी काही केलं नव्हतं आणि तरी लाज माझ्याच वाट्याला आली. ज्यांनी शोधलं ते मोकळे झाले, ज्यांनी ठेवलं त्यांना टाळ्या मिळाल्या. मी किती वेळा मनाशी मांडून पाहिलं: चोरी केली नाही, खोटं बोलले नाही, माझ्या ताटातला घास मी उचलला. हिशेब दर वेळी बरोबर येतो आणि कानशिलं दर वेळी तापतात. संशयाची लाज एकवेळ धुऊन निघाली असती, पुस्तक सापडलं की ती संपते. पण जिलबीची लाज कशी संपावी? ती तर खरोखरच पिशवीत होती. त्या लोकांना आता हरसूलची मंगल पवार आठवली तर कशी आठवणार, तेवढं मला माहीत आहे.

सरांवर रागवावं म्हटलं तर तेही जमत नाही. मी डॉक्टरांकडे नंबर लावून बसले की टीपॉयवरची मासिकं तारखेनं लावते. लग्नघरी पत्रिकांचा ढीग दिसला की तो सरळ करते. ते पुस्तक टेबलावर उघडं पडलेलं मला दुसऱ्या कुठं दिसलं असतं तर मीही उचलून ठेवलं असतं, कदाचित त्याच खणात. हात ऐकत नाहीत, हे खरंच आहे. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहायला हवं होतं, इतकंच. पण त्यांनी काय पाहायचं? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की टेबलावर माझीही काही वस्तू पडली होती.

परतताना सीबीएसच्या एसटी स्टँडवर मी तो गोळा कचऱ्याच्या डब्यात टाकला. अन्न टाकताना हात जड झाला, पण टाकला. पिशवी पदरानं पुसली. रस्ताभर अंधारात मी एकच गोष्ट ठरवत होते, घरी काय सांगायचं. घरी पोचले तर सासूबाई जाग्या होत्या. "काय काय व्हतं जेवायला?" मी सांगितलं: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. "आन गोड?" "गोड नव्हतं काही." "बरं," म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोरीशी बसून वायरची पिशवी घासताना दिसल्या. गुडघ्यामुळे त्यांना उकिडवं बसता येत नाही, एक पाय लांब करून बसल्या होत्या. मी बघितलं आणि चुलीकडे वळले. त्यांना कामाशिवाय करमत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

स्मरणिका मी ठेवली. वाचनालयात तिला क्रमांक दिला, शिक्का मारला, खणात लावली. अध्यक्षांचं मनोगत आणि पुढची द्राक्षबागेच्या औषधाची जाहिरात एकमेकांना अशी चिकटली आहेत की फाडल्याशिवाय सुटायची नाहीत. मागच्या पानावरचं औषध मात्र शाबूत आहे. सासूबाईंच्या गुडघ्याला मी ते वर्षभर लावते आहे. कुठून आणलं ते त्यांनी कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्याच्यानं होत नाही. प्रत्येक वाचनालयात असते तशी आमच्याही दारावर पाटी होती, 'पिशव्या बाहेर ठेवाव्यात'. मीच रंगवलेली. नाशकाहून आल्यावर पहिल्याच संध्याकाळी एक बाई पिशवी घेऊन आत आली, मी सवयीनं तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. दुसऱ्या दिवशी मी पाटी उतरवून कपाटामागे टाकली. आता बाजाराच्या दिवशी आमच्या खोलीत वर्तमानपत्रांच्या शेजारी मेथीच्या जुड्या असतात, सुकटीच्या पिशव्या असतात, कोणी तर एकदा कोंबडी ठेवून गेली. बायांना सोय झाली आहे. पिशवी ठेवायला येतात आणि ठेवलीच आहे तर म्हणून मासिक चाळतात. एकदोन पुस्तकं गेली असावीत. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष आण्णा कुरकुरतात, "ताई, हे वाचनालय हाय का मंडई?" मी म्हणते, लावते पाटी, आणि लावत नाही. हा काही माझा मोठेपणा नाही. मला कोणाच्या पिशवीत बघायची भीती वाटते. आत काय निघेल याची नाही. जे निघेल त्यानं त्या माणसाचा चेहरा कसा होईल, त्याची.

आता पुन्हा द्राक्षं आली आहेत. शैलाताईंनी काल पेटी पाठवली एसटीनं, आणि मागोमाग फोन. "चला हो. किती दिवस धरून बसणार? लोक विसरले." लोक विसरले असतील, त्यांचं बरोबर आहे. मलाही जायचं नाही असं नाही. त्या सकाळचं ते हसणं, गळ्यातली ती छापील अक्षरं, ओळीनं लावलेली ती कपाटं मला पुन्हा हवी आहेत. माझ्या कामाला काम म्हणणारी माणसं वर्षातून एकदाच भेटतात, आणि त्यांच्याच समोर मला उभं राहायची लाज वाटते, हा काय न्याय? एक मन म्हणतं, वायरची पिशवी नेऊच नको, रिकाम्या हातानं जा. दुसरं मन म्हणतं, मग कशाला जातेस, तिथं तुझं काय राहिलं?

आज संध्याकाळी वाचनालय बंद करून आले तर सासूबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. मीही ताट ओढून बसले. शेजारी द्राक्षांची पेटी उघडी होती, तिला अजून कोणी हात लावला नव्हता.

"नाशिकचा फोन आलता म्हनं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मंग? कधी जायचं?"

"नाही जात यंदा. वाचनालयात कामं आहेत. शिवाय तुमचा गुडघा."

"माझा गुडघा कुठं पळून चाललाय." त्यांनी दोनचार शेंगा सोलल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंगल, गेल्या साली तू वाटंत जिलबी खाल्ली, त्याची तर लाज धरून नाय ना बसली?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

"पिशवीला मुंग्या लागल्या व्हत्या," त्या म्हणाल्या. "पाक पार गाठीगाठीत बसलेला. लय धुतली तवा निघाला. तू म्हनली गोड नव्हतं. म्या म्हनलं, असू दे. सकाळची निघालेली पोर, भूक लागली असंल. खाल्ली आन मंग सांगायला लाजली."

वर्षभर. वर्षभर त्यांनी हे मनात ठेवलं होतं, आणि माझ्या ताटात भाकरी वाढताना, मी गुडघ्याला पाला बांधताना, कधी चेहऱ्यावर दाखवलं नव्हतं. मी न केलेली गोष्ट त्या पोटात घालत होत्या. मला सांगता आलं असतं. मी नाही खाल्ली आई, तोंडाला नाही लावली, तुमच्यासाठीच घेतली होती. पण मग गेली कुठं, हे सांगावं लागलं असतं, आणि टाकली का, तेही, आणि मग ते टेबल, ती माणसं, पाकानं भरलेली ती बोटं. त्यांच्या सुनेची झडती झाली होती हे मला त्यांच्या कानावर घालावं लागलं असतं. एका बाजूला हावरट, दुसऱ्या बाजूला संशयित. मी निवडलं.

"हो आई," मी म्हणाले. "खाल्ली."

बोलले आणि रडू आलं. त्यांना वाटलं, कबुलीचं.

"येडी का काय. खायाच्या वस्तूची काय लाज." त्यांनी सोललेल्या वालाचं ताट बाजूला सारलं, भिंतीला धरून उठल्या, पाय ओढत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात खुंटीवरची वायरची पिशवी होती. त्यांनी ती दोनदा झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"जा तू. आन यंदा जास्तीच्या घे. तुला वाटंत खायला, आन मला घरी."